दारी ठेवलेले नाव

'भेट' हा शब्द आपल्या मराठीत दोन अर्थांनी नांदतो. एखाद्याच्या घरी जाऊन त्याला भेटणे ही भेट, आणि त्याच्या हाती काही वस्तू ठेवणे हीदेखील भेटच. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपातील सुखवस्तू समाजाने एक अशी वस्तू वापरात आणली, की जिच्यात हे दोन्ही अर्थ एकवटले. तळहातात सहज मावेल एवढा जाड कागदाचा तुकडा आणि त्यावर एक नाव. पाहुणा दाराशी येई, हा तुकडा नोकराच्या हाती देई आणि पुष्कळदा घरधन्याचे तोंडही न पाहता परत फिरे. माणसांची गाठ पडलेली नसे. परंतु भेट दिली गेली, असे दोन्ही बाजूंनी मानले जाई.

आज आपण ज्याला 'व्हिजिटिंग कार्ड' म्हणतो, ते नावापुरतेच या जुन्या कार्डाचे वारस आहे. आजच्या कार्डावर हुद्दा, कार्यालय आणि दूरध्वनी क्रमांक असतो. त्याचा संबंध कामधंद्याशी आहे. जुने भेटीचे कार्ड हे घराघरांतील सामाजिक व्यवहाराचे साधन होते. दुकानदारांनी जाहिरातीसाठी छापलेली कार्डे त्याही काळी होती. पण भेटीच्या कार्डावर धंद्याची जाहिरात करणे असभ्यपणाचे समजले जाई. ही जुनी कार्डे आता संग्राहकांच्या आल्बमांत आणि मोठमोठ्या संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसली आहेत. कुणी त्यांना रद्दी म्हणेल. आम्हांला मात्र वाटते, की माणूस माणसाला कसा भेटतो आणि भेट कशी टाळतो, या दोन्ही गोष्टींचा इतिहास त्या इवल्याशा कागदांत साठवलेला आहे. त्या इतिहासाची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

चीनमधील पूर्वज

नाव लिहून पुढे पाठवण्याची रीत युरोपच्या कितीतरी आधी चीनमध्ये रूढ होती. १९८४ साली आन्हुई प्रांतातील मा-आन-शान येथे झू रान या तिसऱ्या शतकातील सेनापतीची कबर उजेडात आली. इ. स. २४९ मध्ये मरण पावलेल्या या सेनापतीबरोबर लाकडाच्या चपट्या पट्ट्या पुरलेल्या होत्या. त्यांवर त्याचे नाव, आणि 'आपणांस वंदन करून कुशल विचारतो' अशा आशयाचा मजकूर शाईने लिहिलेला होता. परलोकातही कुणाच्या दारी गेल्यास आधी नाव कळवावे लागेल, अशी त्याच्या आप्तांची समजूत असावी काय?

पुढे लाकडाची जागा कागदाने घेतली. नववर्षाच्या दिवशी सर्व परिचितांकडे जाणे अशक्य होऊ लागले, तेव्हा मोठी माणसे आपल्या नावाचे कागद नोकरांकरवी घरोघर पाठवू लागली. सोळाव्या शतकातील चित्रकार आणि कवी वेन झेंगमिंग याने या प्रथेवर एक कविताच लिहिली आहे. लोक भेटू इच्छीत नाहीत, केवळ नाव पोहोचवू इच्छितात, ही तिच्यातील मिस्कील तक्रार आहे. म्हणजे कार्डाविषयीचा जो मूळ प्रश्न आहे, तो युरोपात ही चाल फोफावण्यापूर्वीच एका चिनी कवीने ओळखला होता.

या चिनी रिवाजाचे तपशीलवार वर्णन युरोपीय वाचकांपर्यंत पोहोचवणारे गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेत. ते म्हणजे येशूसंघीय धर्मगुरू मतेओ रिची. १५७८ साली ते गोव्यास आले, १५८० साली कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ साली ते गोव्याहून मकावकडे रवाना झाले. चीनमध्ये प्रथम त्यांनी बौद्ध भिक्षूंसारखा वेश धारण केला होता. १५९५ मध्ये तो टाकून त्यांनी तेथील विद्वानांचा वेश घेतला, आणि त्याबरोबर विद्वानांचा शिष्टाचारही स्वीकारला. रिचींच्या टिपणांवरून निकोला त्रिगो यांनी सिद्ध केलेला लॅटिन ग्रंथ १६१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात भेटीला जाताना आधी पाठवावयाच्या पुस्तिकेचे वर्णन आहे. सुमारे बारा पांढऱ्या पानांची ही पुस्तिका असे. तिच्या मुखपृष्ठावर मधोमध तांबड्या कागदाची उभी पट्टी असे, आणि ती कागदी पिशवीत घालून पाठवली जाई. प्रसंगानुसार आणि पाहुण्याच्या योग्यतेनुसार तिचे प्रकार बदलत. परक्या देशात सुवार्ता घेऊन गेलेल्या या माणसाने आधी तेथील दार कसे ठोठवावे हे शिकून घेतले, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याच्या उंबरठ्याचा मान राखल्यावाचून त्याच्या मनात प्रवेश मिळत नाही.

पत्त्यांच्या पाठीवरून ताम्रपटाकडे

युरोपात ही चाल अठराव्या शतकात फोफावली. आरंभी त्यासाठी वेगळा कागद नव्हता. त्या काळच्या खेळण्याच्या पत्त्यांची पाठ कोरी असे. जोडातील एखादा पत्ता हरवला, की उरलेले पत्ते निरुपयोगी ठरत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर नाव किंवा निरोप लिहून तो पाठवण्याची पद्धत पडली. विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४३ च्या सुमारास एका बेबनावाच्या विवाहाची कथा सहा चित्रांत रंगवली. ही चित्रे आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांतील चौथ्या चित्रात सरदारपत्नीच्या शृंगारकक्षात जमिनीवर असे लिहिलेले पत्ते विखुरलेले दिसतात. त्यांपैकी एकावर एका बाईला काल रात्री झोप कशी लागली, याची चौकशी अत्यंत अशुद्ध इंग्रजीत केलेली आहे. मोठ्या घराण्यांच्या पोकळ थाटमाटावर हॉगार्थने मारलेला हा टोला होता.

लवकरच ताम्रपटावर कोरून छापलेली खास कार्डे आली. इटलीत या कलेला विशेष बहर आला. नावाभोवती रोमन अवशेष, भग्न स्तंभ, पुष्पमाला, देवदूतांसारखी बालके अशी चौकट कोरली जाई. नाव हे निमित्त आणि चित्र हेच मुख्य, अशी काही कार्डांची अवस्था होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अभिरुची उलट दिशेला वळली. पांढरे स्वच्छ कार्ड आणि त्यावर बारीक वळणदार अक्षरांत केवळ नाव, हे कुलीनपणाचे लक्षण ठरले. बाईचे कार्ड आकाराने मोठे, पुरुषाचे लहान. पुरुषाच्या कार्डावर खालच्या कोपऱ्यात त्याच्या क्लबाचे नाव असले तर असे. घरी दुःखद घटना घडली असेल, तर कार्डाला काळी किनार येई.

भेटीचे व्याकरण

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, कार्डांचे एक संपूर्ण व्याकरण तयार झाले. 'सकाळची भेट' असे जिला म्हणत, ती प्रत्यक्षात दुपारी दिली जाई. इझाबेला बीटन यांचे गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तक १८६१ साली निघाले. औपचारिक भेटीला पंधरा ते वीस मिनिटे पुरेशी आहेत, असे त्या सांगतात. आलेल्या बाईने शाल आणि टोपी उतरवू नये, हेही त्या बजावतात. म्हणजे पाहुणी बसली तरी निघण्याच्या तयारीतच बसलेली असे.

विवाहित बाई भेटीस गेली, की ती स्वतःचे एक आणि पतीची दोन कार्डे ठेवी. पतीचे एक कार्ड घरधन्यासाठी, दुसरे घरधनिणीसाठी. बाईने परपुरुषासाठी कार्ड ठेवणे मर्यादेला सोडून होते, म्हणून तिचे स्वतःचे कार्ड एकच. अशा रीतीने पतिराज कचेरीत किंवा क्लबात बसलेले असताना त्यांच्या नावाची भेट त्यांच्या पत्नीकडून परस्पर पार पडे. कार्डाचा एक कोपरा दुमडलेला असला, तर ते नोकराहाती धाडलेले नसून पाहुण्याने स्वतः आणून दिले आहे, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ होता. हे संकेत देशादेशांत आणि पिढ्यापिढ्यांत बदलत राहिले.

कार्डाच्या कोपऱ्यात फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे लिहिण्याचीही पद्धत होती. 'पी. पी. सी.' म्हणजे निरोप घेण्यासाठी, 'पी. एफ.' म्हणजे अभिनंदनासाठी, 'पी. आर.' म्हणजे आभारासाठी आणि 'पी. सी.' म्हणजे सांत्वनासाठी. आनंद असो वा शोक, दोन-तीन अक्षरांत तो उरकता येई. परराष्ट्रांच्या वकिलातींच्या शिष्टाचारातून ही अक्षरे अजूनही पूर्णपणे लोपलेली नाहीत.

घरात आलेली कार्डे दिवाणखान्याच्या प्रवेशाशी एका तबकात ठेवीत. त्या तबकावरून त्या घराची पत जोखली जाई. साहजिकच मोठ्या माणसाचे कार्ड सर्वांत वर राही. जेन ऑस्टिन यांची 'पर्स्वेजन' ही कादंबरी १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्यातील एलियट कुटुंब एका उमराव नातलग बाईची कार्डे घरात जिथे सर्वांच्या नजरेस पडतील, तिथे मांडून ठेवते. माणसाच्या ओळखीपेक्षा ओळखीच्या प्रदर्शनाला किंमत आली, की काय होते, ते लेखिकेने या एका तपशिलातून दाखवले आहे.

'घरात नाहीत'

या सर्व व्यवहाराच्या मुळाशी एक वाक्य होते. नोकराने दारात येऊन सांगावयाचे वाक्य : 'बाईसाहेब घरात नाहीत.' बाईसाहेब पुष्कळदा वरच्या मजल्यावरच असत. पाहुण्यालाही ते ठाऊक असे. तो शांतपणे कार्ड ठेवून निघून जाई.

हे असत्य म्हणावे काय? प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. नीतिविषयक ईशज्ञानाच्या पाठ्यग्रंथांतून हेच उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची परंपरा आहे. संत ऑगस्टीन यांनी कोणतेही असत्य निषिद्धच मानले होते. पुढे काही पंडितांनी अशी पळवाट काढली, की बोलणाऱ्याने तोंडाने एक बोलावे आणि उरलेले मनातल्या मनात म्हणावे. मग ते खोटे होत नाही. ऐकणाऱ्याला कळण्याचा कोणताच मार्ग नसलेला असा चोरटा अर्थ मनात ठेवून बोलणे किंवा शपथ घेणे पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली निषिद्ध ठरवले. मात्र ज्या शब्दांचा खरा अर्थ प्रसंगावरून आणि रूढीवरून ऐकणाऱ्याला समजू शकतो, त्यांची गोष्ट वेगळी, असे नंतरच्या ईशज्ञांनी म्हटले. 'घरात नाहीत' याचा रूढ अर्थ 'आज भेटू शकत नाहीत' असाच होता. त्यात फसवणूक नव्हती, फसवला जाणाराही कुणी नव्हता. हा निवाडा तर्काला पटतो. तरीही आमच्या मनात एक शंका उरते. ते वाक्य उच्चारण्याचे काम धनिणीचे नव्हते, नोकराचे होते. खरे-खोटे यांच्या सीमेवर उभे राहण्याची वेळ मालकाने चाकरावर आणली होती.

आपल्या देशात आलेल्या इंग्रजांनी ही चालही बरोबर आणली. पण येथे तिचे रूप पालटले. इंग्लंडमध्ये गावात नव्याने आलेल्याकडे जुने रहिवासी आधी जात. हिंदुस्थानातील छावण्यांत नवागताने आधी सर्वांकडे जाऊन कार्डे टाकावीत, असा दंडक होता. भेटीची वेळ भर दुपारची, बारा ते दोन! वैशाखातल्या उन्हात कोट चढवून, घोडागाडीतून बंगल्यामागून बंगले पालथे घालणारा तरुण अधिकारी डोळ्यांपुढे आणावा. फाटकाशी 'घरात नाहीत' असे लिहिलेली पेटी टांगलेली असली, म्हणजे तिच्यात कार्ड टाकून त्याची सुटका होई. मग दोन्ही पक्षांना हायसे वाटत असेल, यात संशय नाही.

हिंदी नोकरांनी तर 'घरात नाहीत' या वाक्याचा पेचच सोडवून टाकला. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. त्यात 'दरवाजा बंद' या शब्दांची स्वतंत्र नोंद आहे. घरातील माणसे पाहुण्याला भेटू शकत नसली, की येथला नोकर एवढेच म्हणे : 'दरवाजा बंद.' इंग्रजी वाक्याचे सारे काम त्यातून होई आणि असत्यही बोलावे लागत नसे, असा शेरा कोशकारांनी मारला आहे. मोठमोठ्या पंडितांनी ज्यावर काथ्याकूट केला, तो प्रश्न त्या नोकराने दोन शब्दांत निकालात काढला होता.

दरवाजा मात्र सर्वांना सारख्याच रीतीने बंद नव्हता. कार्डांची ही देवघेव मुख्यतः गोऱ्यांच्या आपसातील होती. हिंदी गृहस्थ साहेबाच्या भेटीस गेला, तर त्याला व्हरांड्यात वर्दीची वाट पाहत तिष्ठावे लागे. आत गेल्यावर खुर्ची मिळेल की नाही, हाही प्रश्न असे. उत्तर हिंदुस्थानात ज्यांना साहेबापुढे खुर्चीवर बसण्याचा मान होता, त्यांना 'कुर्सीनशीन' म्हणत आणि त्याची सरकारी प्रमाणपत्रे दिली जात. बसण्याचासुद्धा दाखला लागावा, यापरते भेटीचे विडंबन कोणते?

कार्डाचे घर

कार्डाला बसायला डबी हवी. डब्यांची ही कारागिरी आज स्वतंत्र संग्रहाचा विषय झाली आहे, आणि तिच्याशी आपल्या भूमीचा जवळचा संबंध आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा नथॅनिएल मिल्स हा रुपेकार विंडसरसारख्या राजवाड्यांची उठावदार चित्रे डब्यांवर उमटवी. चीनमधील कँटनचे कारागीर हस्तिदंत, शिंपला आणि कासवाच्या कवचाच्या डब्या खास पाश्चात्त्य ग्राहकांसाठी घडवीत. ज्या देशात नावाच्या कागदाचा रिवाज एवढा जुना, तेथील कारागिरांनी आता परक्यांच्या कार्डांसाठी डब्या कोराव्यात, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा.

आपल्याकडे चंदनाच्या कोरीव डब्या होत. सडेलीचे काम तर 'मुंबईचे काम' म्हणूनच परदेशी ओळखले जाई. कथील, हस्तिदंत, शिंग आणि रंगीत लाकूड यांच्या बारीक काड्या एकत्र जुळवून, त्यांचे पातळ काप चंदनावर बसवून भौमितिक नक्षी साधली जाई. जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० सालच्या 'इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' या ग्रंथात या कलेची नोंद घेतली आहे. ती इराणातून सिंधमार्गे सुरतेस आणि तेथून मुंबईस आली. कच्छमधील भूजचा ओमरसी मावजी या रुपेकाराच्या डब्यांवरील वेलबुट्टीत हरणे आणि पक्षी लपलेले असतात. संग्राहक आज त्या मोठ्या किमतीला घेतात. संग्राहकांसाठी येथे एक सूचना : हस्तिदंताच्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, तो मोह धरू नये.

कार्डाने आपले नाव आणखी एका कलेला दिले. १८५४ साली पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी याने एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे छायाचित्र सुमारे साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ भेटीच्या कार्डाएवढे. म्हणून त्याला 'कार्त द व्हिजित' हे नाव पडले. १८६० साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाची अशी छायाचित्रे विक्रीस आली, आणि घरोघर आल्बम भरू लागले. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली होती. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे मुंबईतील हिंदी छायाचित्रकार अशी चित्रे काढून देत. ज्याचे नाव साहेबाच्या तबकात कधी पडले नसेल, त्याचा चेहरा आता आल्बमात मानाने बसू लागला.

दोन कार्डे, दोन शोकांतिका

एखादे कार्ड इतिहासाचा साक्षीदारही होऊन बसते. १४ एप्रिल १८६५ हा शुभ शुक्रवार होता. त्या दिवशी वॉशिंग्टनमधील कर्कवूड हाउस या हॉटेलात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यासाठी एक कार्ड ठेवले गेले. 'त्रास देण्याची इच्छा नाही, आपण आत आहात काय', अशी अत्यंत सौजन्यपूर्ण विचारणा त्यावर होती. खाली सही होती जॉन विल्क्स बूथ याची. त्याच रात्री नाट्यगृहात त्याने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली. त्या कार्डामागील हेतूविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते जपून ठेवलेले आहे.

दुसरे कार्ड लंडनचे. १८ फेब्रुवारी १८९५ रोजी क्वीन्सबरीचा मार्क्विस अल्बमार्ल क्लबात गेला आणि नाटककार ऑस्कर वाइल्ड याच्यासाठी त्याने आपले कार्ड ठेवले. त्यावर वाइल्डच्या वर्तनावर आरोप करणारे मोजकेच शब्द खरडलेले होते. त्यांतला एक तर चुकीचा लिहिलेला. वाइल्डने अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ती त्याच्यावरच उलटली आणि २५ मे रोजी त्याला दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९०० साली पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत तो मरण पावला. मृत्यूच्या आदल्या दिवशी एका धर्मगुरूंनी त्याला ख्रिस्तसभेत सामील करून घेतले. ते कार्ड आज इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. क्लबाचा दरवान सिडनी राइट याने कार्ड हाती येताच त्याच्या पाठीवर तारीख आणि वेळ टिपली, आणि ते पाकिटात घालून ठेवले. हजारो-लाखो कार्डे नोकरांच्या हातांतून गेली. त्या हातांची खूण कार्डांवर क्वचितच उरली आहे. येथे ती उरली, आणि तीही एका निष्ठावंत माणसाच्या हाताची. उघड्यावर पडलेला अपमान झाकावा, एवढे तरी त्या दरवानाला सुचले.

रद्दीतून इतिहास

ही कार्डे आपल्यापर्यंत पोहोचली, ती काही चिकाटीच्या माणसांमुळे. त्यांत पहिला मान सारा सोफिया बँक्स या बाईंचा. कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा केलेल्या सर जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाची ही बहीण. तिचा जन्म १७४४ चा. भाऊ जगभरच्या वनस्पती गोळा करी, आणि बहीण भेटीची कार्डे, तिकिटे, आमंत्रणे आणि दुकानांची पत्रके जमवी. १८१८ साली ती वारल्यावर तिच्या संग्रहातील १९ हजारांहून अधिक कागद लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेले. त्या काळी कोण कुणाकडे जात असे, याचा माग काढणाऱ्या अभ्यासकांना आज ती खाणच वाटते. भावाची कीर्ती तेव्हा झाली, बहिणीची आता होत आहे.

इटलीत मिलानच्या अकिल्ले बेर्तारेल्ली यांनी १९११ साली डेव्हिड हेन्री प्रायर यांच्यासह इटालियन भेटीच्या कार्डांवर एक भव्य ग्रंथ काढला. त्यांचा संग्रह मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यात नागरिकांसाठी ठेवलेला आहे. ऑक्सफर्डचे जॉन जॉन्सन यांची कथा अधिक बोधप्रद आहे. तरुणपणी ते इजिप्तमध्ये प्राचीन उकिरडे उकरून पपायरसचे तुकडे शोधत. दोन हजार वर्षांपूर्वीची रद्दी आपण जिवापाड जपतो, मग आपल्या काळची का फेकून देतो, असा प्रश्न त्यांना पडला. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक म्हणून काम करताना त्यांनी असे फेकाऊ कागद हयातभर जमवले. १९६८ साली तो संग्रह बोडलियन ग्रंथालयात आला.

हा धडा आपल्या घरांनाही लागू आहे. वसई, मुंबई आणि गोवा येथील जुन्या घरांच्या पेट्यांत, आजोबांच्या प्रार्थनापुस्तकांच्या पानांत अशी कार्डे सापडू शकतात. इंग्रजी असतील, गोव्याकडची पोर्तुगीज असतील. त्यांच्या जोडीला दीक्षाविधीची स्मृतिचित्रे आणि दिवंगतांची स्मरणपत्रेही निघतील. घर पाडून इमारत बांधताना हे सारे एका दिवसात नाहीसे होते. ते हाती घ्यावे आणि निरखावे. अक्षरे बोटाला किंचित उंच लागली, तर कार्ड ताम्रपटावरून छापलेले आहे. ती कागदात दबलेली असली, तर खिळ्यांच्या छपाईचे. अगदी सपाट असली, तर शिळाछापाचे. मागे पेन्सिलीने लिहिलेला एखादा शब्द खोडू नये. पुष्कळदा छापील नावापेक्षा तोच अधिक बोलका असतो. कार्ड गोंदाने किंवा चिकटपट्टीने चिकटवू नये, प्लास्टिकमध्ये सीलबंद करू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पावसाळ्यातील दमट हवा आणि कसर यांपासून दूर ठेवावे. आणि मुख्य म्हणजे, हे कुणाचे, कुणाकडे आलेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. नाव असते, पण माणूस कोण ते सांगणारे कुणी उरत नाही, ही संग्राहकाची खरी व्यथा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ही चाल ओसरली. घरकामाला नोकर मिळेनासे झाले, दूरध्वनी आला, बायका घराबाहेर कामाला जाऊ लागल्या. मोठ्या दिखाऊपणाचा अंत झाला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्या कार्डांनी पुष्कळदा माणसांमध्ये भिंतच उभी केली.

तरीही न्याय दोन्ही बाजूंनी करावा. आज धर्मग्रामात कुणाचे निधन झाले, की तासाभरात शेकडो मोबाइलांवर 'आर. आय. पी.' ही तीन अक्षरे उमटतात. 'चिरशांती लाभो' ही लॅटिन प्रार्थना आहे, तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी कार्डाच्या कोपऱ्यात 'पी. सी.' लिहिणाऱ्या माणसाला ती दोन अक्षरे पोहोचवण्यासाठी त्या घरापर्यंत कुणाला तरी पाठवावे लागे, आणि बहुधा स्वतः जावे लागे. दार बंद का असेना, पावले त्या उंबरठ्यापर्यंत गेलेली असत. शोकाकुल घरातील माणसे दिवस सरल्यावर ती कार्डे हातात घेऊन एकेक नाव वाचत. आमच्या मोबाइलवरील अक्षरे उद्या कुणाच्या पेटीत सापडणार आहेत?

नव्या करारातील योहानाच्या दोन लहान पत्रांच्या शेवटी लेखक म्हणतो, की सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण ते शाईने लिहीत बसण्यापेक्षा येऊन समोरासमोर बोलावे, अशी आशा आहे. लिहिणाऱ्याने लिहिले, आणि लिहिणे पुरेसे नाही हेही सांगितले. भेटीच्या कार्डाची खरी जागा तीच होती. 'मी आलो होतो' एवढे सांगून त्याने थांबावे आणि 'मी पुन्हा येईन' हे मागाहून यावे. जिथे हे दुसरे वाक्य खरे ठरले, तिथे कार्ड भेटीची सुरुवात झाले. जिथे ते ठरले नाही, तिथे तबकात नुसते नाव उरले.